दिवाणखान्यातला उंचवटा

१

नव्या घराचं दार उघडून भाची आत आली आणि रिकाम्या दिवाणखान्याच्या मधोमध ठेचकाळली.

खाली ठेचकाळण्यासारखं काही नव्हतं. सामान अजून यायचं होतं. होती ती फक्त नवी लाकडी जमीन, आणि तीच खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वर आली होती. चादरीखाली कोणी गुडघे उभे करून झोपावं तशी. तिने पाय दाबला. जमीन खाली गेली. पाय काढला, तर पुन्हा वर.

तिने फोन केला तो आत्याला. आत्या आली, उंचवट्याला वळसा घालून खिडकीपाशी गेली आणि तिथल्या तिरक्या उजेडात जमीन बघू लागली. वस्तूंची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झाली होती. साखळ्या, पत्रे, शिड्या, शाळेचे बाक: जे मोडलं ते का मोडलं, हे सांगण्याचा तिला पगार मिळत असे. निवृत्तीनंतरही सवय सुटली नव्हती. कपाचा कान तुटला तरी ती आधी तुटलेली कड उजेडात धरून बघते आणि मग केर काढते, असं तिचा भाऊ म्हणायचा.

हे घर त्या भावासाठीच होतं. दादाने आयुष्यभर नदीकाठच्या शेडमध्ये लाकडी होड्या बांधल्या. गेल्या काही वर्षांत त्याची नजर थोडी थोडी करत पूर्ण गेली, आणि शेडमागची खोली आता सोडावी लागणार होती. वडील आपल्याकडे राहावेत म्हणून भाचीने घर घेतलं आणि जमिनी निवडल्या त्या कानाने. दुकानात डोळे मिटून ती एकेका नमुन्यावर काठी आपटायची. विक्रेत्याने शेवटी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बरं वाटतंय ना असं विचारलं. स्वयंपाकघरात खरखरीत टाइल, मधल्या बोळात कॉर्क, दिवाणखान्यात लाकूड. काठी टेकली की आपण कुठे आहोत ते बाबांना कळायला हवं, आणि त्यांना हे आल्यावरच कळायला हवं, म्हणून तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं.

भाच्याला, तिच्या धाकट्या भावाला, हे पटत नव्हतं. त्याने वडिलांसाठी ज्येष्ठांच्या एका संस्थेत खोली धरून ठेवली होती. ताई दिवसभर कामावर, अनोळखी घरात बाबा एकटे. पडले तर कोण बघणार, हा त्याचा प्रश्न. भांडून दमल्यावर दोघांनी तोडगा काढला: आत्याने घर तपासावं आणि बाबांना इथे राहता येईल की नाही ते सांगावं. ती म्हणेल ते अंतिम. संस्था रविवारपर्यंत थांबणार होती.

"त्याच्याकडे किल्ली आहे," भाची म्हणाली. "मागच्या आठवड्यात तो इथे येऊन गेलाय, समोरच्या बाईंनी त्याला एकट्याला जिना चढताना पाहिलं. आणि मला म्हणतो, मी तिकडे फिरकलोच नाही. आत्या, बाल्कनीतला नळ त्याने सोडला. मुद्दाम सोडला."

आत्या गुडघे टेकून खाली बसली. "नळाचं काम आहे का ते आधी बघू," ती म्हणाली. "माणसाकडे नंतर जाऊ."

२

फ्लोअरिंगवाला तासाभरात आला, तो दारातूनच बोलत. त्याने आजवर बसवलेल्या जमिनींपैकी एकही कधी अशी उठली नव्हती. कोणीतरी इथे बादल्या ओतल्या होत्या, आणि त्याचा दोष तो मुळीच पत्करणार नव्हता. नळ सोडल्याची शंका भाचीने बोलून दाखवताच तो एकदम खूश झाला. पाणीच, दुसरं काही असूच शकत नाही, असं त्याने भिंतीला, खिडकीला आणि आत्याला सांगितलं.

आत्याने त्याला उंचवट्यावरची एक फळी काढायला लावली. ती उलटी करून तिने ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया पाठीत टोचल्या. मग फळीखालच्या फोमच्या थराखाली हात घातला. हाताला कोरडी धूळ लागली. फुंकर मारली तर उडाली.

पाणी खालून शिरलं की फळीची पाठ फुगते, कडा वर वळतात आणि प्रत्येक फळीची पन्हाळ होते. आत्याने आपली स्टीलची पट्टी एकामागून एक फळ्यांवर आडवी ठेवली. पट्टीखालून उजेड कुठेच दिसला नाही. प्रत्येक फळी सरळ होती. सगळ्या मिळून मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या.

"पाणी नाही," ती म्हणाली.

फ्लोअरिंगवाल्याचा चेहरा उतरला. भाचीचाही.

मग आत्याने विचारलं, काही फळ्या उरल्यात का. उरल्या होत्या. एक गठ्ठा अजून प्लास्टिकमध्ये बंद होता, आणि एक सुटी फळी कोपऱ्यात पडली होती. रंगाऱ्यांनी ती चहाचे कप ठेवायला वापरली होती, हे तिच्यावरच्या गोल डागांवरून दिसत होतं. आत्याने पिशवीतून व्हर्नियर काढला. गठ्ठा फोडून एका फळीची रुंदी मोजली, मग चहाच्या फळीची. पुन्हा दोन्ही मोजल्या. चहाची फळी केसभर जास्त रुंद होती.

त्यात काय विशेष, असं फ्लोअरिंगवाल्याचं म्हणणं पडलं. हवा आठवडाभर दमट आहे, रंग वाळावा म्हणून खिडक्या उघड्या, आणि लाकूड हवेतला ओलावा पितं. लांबीत नाही, रुंदीत फुगतं. हे तर कोणालाही माहीत असतं. म्हणून तर भिंतीलगत बोटभर फट...

बोलता बोलता तो थांबला.

"एका फळीमागे एक केस," आत्या म्हणाली. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओळी मोजा. जवळपास बोटभर होतं. ती वाढ भिंतीकडे जायला हवी होती. वर का आली?"

आपण फट सोडली होती, असं तो शपथेवर सांगू लागला. पाचरी लावून सोडली होती आणि काम झाल्यावर पाचरी स्वतः उपटून काढल्या होत्या. आता त्याचा आवाज खाली आला होता.

भिंतीच्या पायथ्याशी पांढऱ्या लाकडी पट्टीचं स्कर्टिंग होतं. ते फटीवर झाकण घालून बसलं होतं.

"काढा ते," आत्या म्हणाली.

३

स्कर्टिंग निघालं. फट होती. पण ती गच्च भरलेली होती.

भरणारा घाईत नव्हता. कापडाच्या चिंध्यांना पीळ घालून त्यांचा दोर केला होता, आणि तो सरळ न कोंबता छोट्या छोट्या वेढ्यांनी आत ठासला होता, एका वेढ्यावर दुसरा, सारख्या अंतरावर. वरून पुट्टी दाबली होती. आत्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आत जाईना. चिंध्या मात्र कशाही होत्या: लाल, पोपटी, निळी, मध्येच फुलाफुलांची. कुठे कुठे त्या पुट्टीतून वर डोकावत होत्या.

फ्लोअरिंगवाला वाकून पुट्टीवर नख घासू लागला. हा आपला धंदा नव्हे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. कोणी शत्रूनेही असं करू नये.

स्कर्टिंग बसवलं होतं सुताराने. भाचीने त्याला बोलावून घेतलं. तो सावकाश बोलणारा माणूस, आधी काम बघितलं मग तोंड उघडलं. तो आला तेव्हा फट अशीच भरलेली होती, असं त्याने सांगितलं. त्याला वाटलं ही फ्लोअरिंगवाल्याची नवी रीत असेल. काम इतकं चांगलं होतं की विचारावंसं वाटलं नाही.

"विचारायचं तरी," फ्लोअरिंगवाला म्हणाला.

"तुम्ही सांगायचं तरी," सुतार म्हणाला.

दोघांची जुंपायच्या आत आत्याने सुताराला दुसरं काम दिलं: खोलीच्या चारही भिंतींचं स्कर्टिंग उतरवायचं. दोन लांब भिंतींची फट पूर्ण भरलेली निघाली. कोपऱ्यात भिंतीलगत बसवलेल्या कपाटामागे जेमतेम हात जाईल एवढीच जागा होती. तिथेही वेढे तितकेच सारखे होते. दाराकडची आखूड भिंतही भरलेली होती. चौथ्या भिंतीला काम अर्ध्यावर येऊन एकदम संपलं होतं. शेवटच्या वेढ्यावर पुट्टीही नव्हती.

रंगारी आतल्या खोलीत शेवटचा हात मारत होता. चिंध्या दाखवल्यावर त्याने लगेच ओळखल्या. त्याचंच बोचकं होतं, शिंप्याकडून आणलेलं, हात पुसायला. मागच्या आठवड्यात एका दिवसाची सुट्टी घेऊन तो परत आला, तर बोचकं निम्मं झालं होतं. पुट्टीही कमी वाटली. पण चोरीचा संशय त्याला आला नव्हता, आणि त्याचं कारण त्याने जरा लाजतच सांगितलं: डब्याचं झाकण चारही बाजूंनी दाबून बसवलेलं होतं, वर पुट्टीची पाती पुसून आडवी ठेवलेली. चोर एवढं कशाला करेल. आणि माझी माणसं तर झाकण कधीच लावत नाहीत.

भाची म्हणाली, आता तरी खात्री पटली का. तिच्या भावालाच सुट्टीचा दिवस माहीत होता; तिने स्वतःच बोलता बोलता सांगितला होता. जमीन उठावी म्हणून त्याने हे केलं.

आत्या उत्तर न देता चौथ्या भिंतीपाशी ओणवी झाली होती. अर्धवट राहिलेल्या दोराचं टोक तिने दोन बोटांत धरलं आणि हलकेच सोडवलं. पीळ उलगडत गेला तसा तिचा हात मंदावला. असा पीळ तिने पूर्वी पाहिला होता. कुठे, ते आठवायला तिला श्रम पडले नाहीत. तिला आठवलं नसतं तर बरं, असं मात्र वाटलं.

"उद्या मी तुझ्या भावाकडे जाते," ती म्हणाली. "एकटी."

४

भाचा विमा कंपनीत दावे तपासायचा. दिवसभर माणसं कुठे कुठे घसरतात, कोणत्या पायरीवरून पडतात आणि काय काय मोडून घेतात, हे वाचण्यात त्याचा वेळ जाई. वडिलांचा विषय निघाला की त्याला ओला नळ, उघडं दार, तापलेला तवा असंच दिसायला लागायचं. आत्याला त्याची ही भीती खरी वाटे. भाची तिला नाटक म्हणायची.

त्याने आत्याला बसायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला. ताई काय काय बोलली ते त्याच्या कानावर गेलं होतं. आपण नळाला हातही लावलेला नाही, असं तो म्हणाला. नळाचा काही संबंध नव्हता हे आत्याने सांगितलं, तसा तो खाली बसला.

मग तिने फटीबद्दल सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. दावा खोटा कुठे आहे ते शोधणाऱ्या माणसाचं ऐकणं.

ती म्हणाली, तीन गोष्टी तिच्या मनातून जात नाहीत. पहिली, ज्याला जमीन बिघडवायची असते तो चार मूठ सिमेंट टाकून निघून जातो. इतकं निगुतीने काम करत नाही, आणि झाकण तर नाहीच लावत. हे ज्याने केलं त्याला ते उत्तम व्हायला हवं होतं. दुसरी, चिंध्यांचे रंग. बोचक्यात पांढऱ्या चिंध्याही भरपूर शिल्लक आहेत. पांढऱ्या भिंतीखाली लाल आणि पोपटी चिंधी दिसत असताना कोणी घालत नाही. कपाटामागे जिथे नजर पोचत नाही तिथलं काम आणि समोरचं काम यांत फरक नाही. म्हणजे त्या माणसाला दोन्ही जागा सारख्याच होत्या. तिसरी, चौथी भिंत अर्धी राहिली. काम करणाऱ्याला कोणीतरी येऊन घेऊन गेलं.

भाच्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"दादाला तिथे किती वेळ एकटं सोडलं होतंस?" आत्याने विचारलं.

५

त्याने चष्मा परत लावला आणि सगळंच सांगितलं. बाबांनीच गळ घातली होती. नवं घर मला एकदा दाखव, आणि ताईला सांगू नकोस. ती मला चकित करायला निघालीय, तिचा विरस नको. रंगाऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी तो त्यांना घेऊन गेला. तेवढ्यात ऑफिसातून तातडीचा फोन आला. बाबा म्हणाले जा, मी इथेच भिंतीला टेकून बसतो. तो गेला आणि वेळेचं भान राहिलं नाही. परत आला तो जिना धावत चढून. बाबा खिडकीपाशी उभे होते, हात रुमालाला पुसत; भिंतींच्या पायथ्याकडे त्याने पाहिलंच नाही. अंध वडिलांना रिकाम्या घरात दुपारभर सोडलं, हे तो ताईला कुठल्या तोंडाने सांगणार होता? तिच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारायचा तर तो त्याच्यावरच उमटला असता. म्हणून म्हणाला, फिरकलोच नाही.

आत्याने हे भाचीला जाऊन सांगितलं. भाची आधी रडली आणि मग तिने जे मागितलं ते आत्याला अपेक्षित होतं. रविवारी हे बोलायचं नाही. रंगाऱ्याने केलं म्हणू, रंगाऱ्याला कळणारही नाही, आणि भावाला स्वतःची चूक झाकायचीच आहे. बाबांनी जमीन बिघडवली हे एकदा बाहेर आलं, की संस्थेची खोली पक्की.

"मी जे सापडलं तेच सांगणार," आत्या म्हणाली.

"आणि बाबा गेले तिकडे, तर?"

"तरीही तेच सांगणार."

६

रविवारी सगळे दिवाणखान्यात जमले. बसायला काहीच नसल्यामुळे पुट्टीचे रिकामे डबे उपडे घातले होते. दादाला लेकाने हात धरून आणलं. उंचवट्यापाशी काठी अडली तसा तो थांबला, वाकला आणि तळहात जमिनीवरून फिरवला.

"हे काय झालं?" त्याने विचारलं.

आत्याने त्याचा हात धरून त्याला डब्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कोरडी धूळ, सरळ फळ्या, केसभर वाढ, भरलेली फट. ती कोणाकडे न बघता बोलत होती, अहवाल वाचावा तशी. दोराच्या पिळापर्यंत आली तेव्हा दादाने हात वर केला.

"थांब, धाकटे. ते मीच केलं."

त्या दुपारी काठीचं टोक भिंतीकडेने सरकवत तो खोली समजून घेत होता, तर ते सारखं फटीत अडकायचं. बोट घालून पाहिलं तर सगळीकडे फट. त्याला वाटलं, पोरीला कोणीतरी फसवलं. अर्धं काम करून निघून गेला. होडीला अशी फट राहिली तर ती पहिल्याच दिवशी तळाला जाते. फळ्यांच्या मधे पीळ ठासायचा, वरून राळ. मग होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, पिळाला आवळतं आणि थेंबभर आत येत नाही. लाकूड जेवढं फुगेल तेवढं चांगलं. सगळं आयुष्य त्याने हेच केलं होतं. पोरीचा विरस नको म्हणून हे मात्र तो कोणाला बोलला नव्हता.

"इथे फुगायला जागा लागते," फ्लोअरिंगवाला हळूच म्हणाला. "होडी फुगते ती आतल्या आत घट्ट व्हायला. जमीन फुगली की तिला बाहेर सरकायचं असतं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

भाचीने वडिलांच्या पायांपाशी बसकण मारली. भाचा खिडकीबाहेर बघत म्हणाला, त्याला कोणावर राग नाही. पण हेच तो सांगत होता. बाबांनी वाईट हेतूने केलं नाही, तरी झालं ते झालं. उद्या जमिनीऐवजी दुसरं काही असेल. कदाचित गॅस असेल. आत्याने आता निकाल द्यावा.

"देते," आत्या म्हणाली. "तू मला विचारलं होतंस, दादाला या घरात एकटं राहता येईल का. मी घर तपासलं. मला वाटलं होतं अंदाजाने बोलावं लागेल. पण याचा प्रयोग आधीच होऊन गेलाय, आणि तो तूच केलास."

भाच्याने वळून पाहिलं.

"ज्या घरात तो कधी आला नव्हता, तिथे तो दुपारभर एकटा होता. आतल्या खोलीत जाऊन त्याने चिंध्यांचं बोचकं शोधलं. रंगाच्या इतक्या डब्यांतून नेमका पुट्टीचा डबा वासाने ओळखला. पाती शोधली. तीन भिंतींकडेने बसून सरकत गेला, कपाटामागे हात घातला. एक डबा सांडला नाही, भिंतीवर एक बोट उमटलं नाही. झाकण लावलं, पाती पुसली, गोष्टी जागच्या जागी ठेवल्या. रंगाऱ्याला आठवडाभर चोरीची शंकाही आली नाही. तुझ्या कंपनीत असा दावा आला असता तर काय लिहिलं असतंस?"

भाच्याने उंचवट्यावर पाय दाबून पाहिला. मग म्हणाला, "जमीन तरी बिघडलीच ना."

"बिघडली, कारण लाकूड फुगतं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि फट कशाला ते कोणी कोणाला बोललं नाही. त्याची नजर गेल्यामुळे यातलं काहीही झालेलं नाही. डोळे असते तरी त्याने फट भरलीच असती. चिंध्या तेवढ्या पांढऱ्या घातल्या असत्या."

सुतार हसला आणि मग आपण हसलो म्हणून खोकला. दादाही हसला.

"पोपटी होत्या का?" त्याने विचारलं.

"आणि लाल. आणि फुलाफुलांच्या."

फ्लोअरिंगवाल्याने सांगितलं, फटी मोकळ्या केल्या आणि हवा सुकली की जमीन आपोआप खाली बसेल. एखाद-दुसरी फळी बदलावी लागेल, बाकी काही नाही. तो उद्या दोन माणसं आणतो. दादा म्हणाला, एकच माणूस आण. ठासलेला पीळ कसा काढायचा ते तुझ्या माणसांना येणार नाही, ते ओढून तोडतील. मी काढीन.

"बाबा, तुम्ही नका," भाची आणि भाचा एकाच वेळी म्हणाले, आणि या महिन्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"माझं घर आहे ना?" दादाने विचारलं. "म्हणजे तसं ठरलंय ना?"

भाची भावाकडे बघत राहिली. भाच्याने जमिनीकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि खिशातून फोन काढला. संस्थेला कळवतो, असं तो पुटपुटला. काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"इकडे दे," दादाने हात पुढे केला. "आतापर्यंत माझ्याबद्दल सगळे बोललात, आता मी बोलतो."

भाच्याने नंबर लावून फोन त्याच्या तळहातावर ठेवला. पलीकडच्या बाईंनी काळजीच्या, समजावणीच्या सुरात बरंच काही विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं. दादाने ते पूर्ण होऊ दिलं.

"खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या, बाई," तो म्हणाला. "मला सध्या वेळ नाही. घराचं काम काढलंय."